तीन पाणी आणि खिळ्यावरचं टोपण

संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "आजी, वेल्डिंगच्या धंद्यात बाई म्हणून काय काय अडचणी आल्या, त्यावर लिहा." मी म्हटलं, अडचण एकच आली, भुवया. मला त्या नाहीत. डावी थोडी उगवली, उजवी गेली ती गेलीच. लग्नाला जायचं असलं की काजळाच्या पेन्सिलीनं काढते, आणि घाईत एक वर एक खाली होते. मग मांडवभर लोकांना वाटतं, यमुनाआजींना जेवण आवडलेलं दिसत नाही.

तर भुवयांचंच सांगते. त्यांच्याबरोबर मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, उजव्या कानाचंही सांगावं लागेल. तो कान मी फोडला. चाळीसेक वर्षं हे मला एकटीला ठाऊक होतं, आणि गेल्या दसऱ्यापर्यंत मालकांना सांगायची माझी छाती झाली नव्हती.

आमचं दुकान खर्ड्यात, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. वर पत्रा, खाली माती, मध्ये मी. मालक, गावाचे भानुदास, मोटारसायकलचे मेकॅनिक. इंजिन उघडण्यात त्यांचा हात धरणारा जामखेडपर्यंत कोणी नव्हता, पण तोच हात बारीक कामाला थरथरायचा. चहाची बशी धरली तरी चहात लाटा. वेल्डिंगची गॅसची बत्ती अशा हातात द्यायची म्हणजे लोखंड सोडून सगळं जोडलं जायचं. माझा हात रांगोळीचा. चिमटीतून सुटणारी रेघ कधी हलली नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मालकांनी वेल्डिंगचा काळा चष्मा माझ्या डोळ्यांवर ठेवला आणि म्हणाले, "रांगोळीच हाय असं समज. फकस्त ठिपक्यांवर पाय ठेवू नगंस." एवढंच माझं शिक्षण. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आठ दिवस शेजारणींना सांगत होत्या, "सून आणली भाकरी थापायला, ती बसली पत्रा थापत."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजायचे. आज ती पोरगी दुकानात आली असती तर मी तिला झाडू हातात देऊन बाहेर उभी केली असती.

आता धंद्यातलं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मोटारसायकलच्या पेट्रोल टाकीला चीर पडते. कधी हँडल घासून, कधी गंजून, कधी गाडीवर पाच माणसं आणि एक शेळी बसवल्यामुळे. माणूस टाकी काढून आणतो आणि छाती पुढे काढून सांगतो, "रिकामी हाय, घाबरू नका." त्याला वाटतं, रिकामी म्हणजे गरीब. उलट आहे. भरलेल्या टाकीत पेट्रोल असतं, रिकाम्या टाकीत पेट्रोलचं भूत असतं. जळतं ते पेट्रोल नव्हे, त्याची वाफ, आणि तिला भडकायला हवा लागते. रिकाम्या टाकीत वाफही असते, हवाही असते, फक्त काडी लावणारा मूर्ख बाहेर असतो. दोन महिने उन्हात पडलेली टाकीसुद्धा साधी नसते. गंजाच्या खपलीखाली, सांध्याच्या घडीत चमचाभर पेट्रोल दडून बसलेलं असतं. बत्तीची ऊब लागली की बाहेर येऊन विचारतं, कोण आलंय?

म्हणून धुवायची. कॉक काढून त्या भोकाला बूच मारायचं, टोपण काढायचं, टाकी उघड्यावर वाऱ्याला ठेवायची. मग गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, आत मूठभर खडी, आणि दळण दळल्यासारखी हलवायची. ते पाणी चुलीपासून लांब ओतायचं. पुन्हा नवं पाणी. पुन्हा नवं. अशी तीन पाणी. आणि मग चीर सगळ्यात वर येईल अशी टाकी कलती ठेवून चिरेच्या बोटभर खालपर्यंत पाण्यानं भरायची, म्हणजे भुताला उभं राहायला जागाच उरत नाही. टाकीचं एक तोंड मात्र उघडं पाहिजे. आत तापलेली वाफ बाहेर पडायला वाट मागते. वाट नसली तर ती स्वतः करते, आणि ती करताना आपल्याला विचारत नाही. मोठ्या शहरात न पेटणारा गॅस आत सोडतात म्हणे. आमच्याकडे पाणीच, आणि तेही असेल तेव्हा.

इथंच घोडं अडलं. आमचा भाग कोरडा. त्या साली तर विहिरींचे तळ दिसत होते, टँकर चार दिवसांआड यायचा. आत्याबाई रांजणावर अशा बसायच्या, जसं आत सोनं आहे. तांब्याभर पाणी घेतलं तरी विचारायच्या, "कशाला?"

त्यातच एका सकाळी एक गुरुजी आले. नुकतेच नोकरीला लागलेले, केसांना तेल, पँटीला इस्त्री. टाकीला पुढच्या अंगाला, वरती, हँडल घासून चीर पडलेली. म्हणाले, "वैनी, दुपारी मुलगी बघायला जायचंय. पेट्रोलचा वास मारत गेलो तर ती नाही म्हनंल." मी म्हटलं, तासात देते. मालक म्हणाले, "तीन पानी दिल्याबिगर बत्ती लावायची न्हाई." मी म्हटलं, "व्हय व्हय."

मी रांजणाकडे गेले. आत्याबाईंनी एक बादली दिली. एक. तीही मोजून, काठापासून चार बोटं कमी.

त्या एका बादलीचं मी काय केलं ते ऐका. सोडा टाकून पाणी टाकीत ओतलं, हलवलं, पुन्हा बादलीत काढलं. तेच पाणी परत टाकीत ओतलं, हलवलं, काढलं. तेच पाणी तिसऱ्यांदा. मग पदर खोचून दुकानात आले आणि मालकांना म्हणाले, "तीन पानी झाली." खोटं नव्हतंच की ते! पाणी तीनदाच गेलं होतं आत. पेट्रोलला तीनदा आंघोळ घातली मी, त्याच्याच घाणीत. उरलेलं पाणी आत्याबाईंनी पपईला घालायला मागून घेतलं. ती पपई मेली, आणि आत्याबाईंनी त्याचा दोष शेजारणीच्या नजरेला दिला.

टाकी पाण्यानं भरायचं तर मी मनातही आणलं नाही. त्याऐवजी नाक लावलं. माझ्या नाकाचा मला तेव्हा फार गर्व. म्हणायचे, मी वासावरून सांगेन पेट्रोल आहे की रॉकेल. आता ह्यातलं खरं सांगते. मी सकाळ-संध्याकाळ मशेरी लावायचे. तंबाखूची राख दातांना घासून घासून माझ्या नाकाला पावसाळ्यातल्या शेणाचासुद्धा वास येत नव्हता. वर टाकी हलवताना पाऊण तास पेट्रोल हुंगलेलं. तेवढ्या वेळात नाक पेट्रोलला घरचं माणूस समजायला लागतं. असं नाक मी टाकीच्या तोंडाला लावलं आणि निकाल दिला, "सोच्छ."

रंग जळू नये म्हणून टाकीवर ओलं पोतं पसरायची पद्धत होती. मालकांनी ते पसरलं, चिरेपुरती जागा उघडी ठेवली आणि टाकी दोन गुडघ्यांत धरून बसले. उजवा कान टाकीकडे. गुरुजी समोरच्या बाकड्यावर चहा पीत होते. पोतं भिजवायला मात्र पाणी होतं, बघा.

बत्ती लावली. चीर भरायची पितळेची काडी टेकवली. रेघेचा पहिला ठिपका बसला, आणि मला आठवतं, मी मनात म्हटलं, काय सुरेख.

मग आवाज झाला.

तोफ किल्ल्यावर आहे हे मला माहीत होतं, ती आमच्या दुकानात कशी आली हे कळेना. टाकी पुरीसारखी टम्म फुगली होती आणि सांध्यावर हातभर फाटली होती. पोतं पत्र्याला लटकत होतं. गुरुजींच्या हातात कपाचा नुसता कान. माझ्या तोंडापुढून आगीचा एक फटकारा गेला होता. मी चष्म्यामुळे डोळ्यांनी वाचले, भुवयांनी नाही. आत्याबाई धावत बाहेर आल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "बादली फुटली का?"

मालक भिंतीला टेकून बसले होते. माझं तोंड हलताना बघत होते. उजव्या कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर उतरली होती. सरळ, न हललेली. तशी रेघ मी काढली होती.

जामखेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा गेला. डावा कान वाचला. गुरुजी त्या दिवशी एसटीनं गेले, आणि मुलीच्या वडलांना वाटलं, नोकरी असून एसटीनं फिरतो, पोरगा सुपारीचं खांडही खात नसणार. जमलं त्यांचं. आता नातवंडं आहेत. भेटले की म्हणतात, "वैनी, तुमचे उपकार." मी कपाळावर हात नेते, म्हणजे भुवयांच्या जागी.

मी मालकांना काय सांगितलं असेल? त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन, मोठ्यानं, चार माणसांत सांगितलं, "पेट्रोलातच कायतरी भेसळ हुती." आठ दिवस त्यांनी माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, ह्यांना कळलंय. ती फाटकी टाकीही त्यांनी मला बघू दिली नाही. पोत्यात गुंडाळून त्याच दिवशी भंगारात घालून आले. मी म्हटलं, किती जपतात मला. लाज आणखी वाढली.

त्यानंतर दुकानात दोन नियम आले. एक माझा. टाकीच्या मालकानं घरून तीन पाणी देऊन आणायची, वर मी माझ्या हातानं आणखी तीन देणार, आणि माझं नाक हिशेबात धरायचं नाही. मशेरी मी त्याच महिन्यात सोडली, त्याचं श्रेय मात्र आरोग्य खात्यानं घेऊ नये. दुसरा नियम मालकांचा. टाकी दारात आली की ते सगळ्यात आधी तिचं टोपण काढायचे आणि समोरच्या भिंतीवर ठोकलेल्या खिळ्याला अडकवायचे. सगळ्यांना दिसेल असं. काम होऊन टाकी गार होईपर्यंत त्या खिळ्याला कोणी हात लावायचा नाही. लोकांनी त्यात शनिदेव आणला. म्हणायचे, शिंगणापूरला घराला दार नसतं, तसं भानुदासच्या दुकानात टाकीला टोपण नसतं. नवस असंल. मीही मालकांची थट्टा करायचे, "आज देवाला तेल कुनाच्या टाकीचं?" ते खाकरायचे. मालक रागावले तरी खाकरतात आणि खूश झाले तरी खाकरतात, त्यामुळे संसारात भांडणं कमी झाली.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एका पैलवानानं टाकी रिकामी आहे हे दाखवायला पेटलेली विडीच तिच्या तोंडाशी न्यायला घेतली. मी विडी हिसकून पाण्याच्या बादलीत टाकली आणि म्हटलं, "माझ्या दुकानात मरायचं असंल तर घरनं बायकोला विचारून या." दुसरा एक शहाणा, सायलेन्सरचा धूर टाकीत सोडला की काम होतं म्हणणारा. म्हटलं, त्या धुरात न जळालेलं पेट्रोल असतं रे बाबा, म्हणजे भूत काढायला भूतच बोलावलंस. आताशा अर्ध्याहून जास्त टाक्या मी परत पाठवते. सांगते, नवी बसवा, टाकी माणसापेक्षा स्वस्त. घरी तर कोणी हा उद्योग करूच नका. मी सहा पाणी देऊनही बत्ती लावताना देवाचं नाव घेते, आणि देवावर माझा फारसा विश्वास नाही.

आणि दर दिवाळीच्या पाडव्याला मी काय करायचे ते सांगते. पाडव्याला नवऱ्याला तेल लावून न्हाऊ घालायची आमच्यात रीत. मालक पाटावर बसले की मी डोक्याला तेल चोळत चोळत त्यांच्या उजव्या कानाशी तोंड न्यायचे आणि हळूच म्हणायचे, "पानी एकच हुतं वं." मालक विचारायचे, "काय म्हनलीस?" मी डावीकडे जाऊन म्हणायचे, "तेल जास्ती झालं का?" कबुली दिल्याचं पुण्य माझं, आणि ऐकू न गेल्याचा फायदाही माझा. इतकी वर्षं देवाला असा हिशेब मी दाखवत आले.

गेल्या दसऱ्यानंतरची गोष्ट. कारखान्याला जाणाऱ्या टोळ्या निघायच्या बेतात होत्या. आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात, त्या जोडीला एक कोयता म्हणतात. असाच एक कोयता टाकी घेऊन आला, दत्तू आणि त्याची बायको रंजना. टोळी दुसऱ्या दिवशी निघणार होती. रंजना म्हणाली, "आजी, आजच्या आज द्या. मागच्या साली फडात मी तापानं फनफनले, दवाखान्याला न्यायला गाडी न्हाई. दोन दिस ट्रॅक्टरची वाट बघितली. औंदा गाडीबिगर मी जायची न्हाई."

दत्तू म्हणाला, "दोन महिने उन्हात वाळलीया टाकी. लावा बत्ती."

मी विचारलं, "घरनं पानी दिलं का?"

रंजना म्हणाली, "तीन पानी दिली."

ती हे म्हणाली आणि तिनं पदर खोचला. नजर टाकीवर, आवाज जरा जास्त ठाम. मला एकदम वाटलं, आरशात बघतेय. त्या साली पाऊस दडी मारून बसला होता, त्यांच्या वस्तीवर हापशाला रांगा लागत होत्या हे मला माहीत होतं.

मी म्हटलं, "एकच पानी तीनदा फिरवलंस न्हवं गं?"

तिचं तोंड उतरलं. "तुमाला कसं कळलं?"

"अगं, मी बी तेच केलं हुतं! एक बादली, तीनदा. म्हनून तर ह्यांचा कान गेला!"

बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, मालक माझ्या शेजारी उभे आहेत. त्यांच्या डाव्या बाजूला मी. चांगल्या कानाच्या बाजूला.

दत्तूला वाटलं, आता दुसरा स्फोट होतोय, त्यानं रंजनाला मागं ओढलं. मालक खिळ्याकडे बघत होते. रंजनाच्या टाकीचं टोपण तिथं लटकत होतं. ते खाकरले. मग म्हणाले, "पोतं पसरायच्या आधी गुरुजींच्या टाकीवर टोपण मी बसवलं हुतं."

"कवा?"

"तवाच. पोत्याला माती हुती. धुतलेल्या टाकीत घान पडू नये म्हनून. वाफंला वाट म्हनून नव्हती. उगंच फाटली का ती एवढी? मला वाटायचं, तुजं तोंड माज्यामुळं भाजलं."

मी स्टुलावर बसले. आठ दिवस माझ्याकडे न बघणं, ती टाकी पोत्यात गुंडाळून भंगारात घालणं, तो खिळा, तो शिंगणापूरचा नवस, सगळं एका ओळीत उभं राहिलं. मला जपलं म्हणत होते मी. माणूस पुरावा मोडीत काढत होता.

"मंग एवढी वर्सं बोलला का न्हाई?"

"तू म्हनलीस, पेट्रोलात भेसळ हुती. मी म्हनलं, आपल्याला सोयीचं हाय."

रंजना पदरात तोंड घालून हसायला लागली. मी म्हटलं, "हसतीस काय, बादल्या आन!" आत्याबाईंना जाऊन वीस वर्षं झाली, रांजणाचं तोंड उघडंच होतं. मी सहा पाणी दिली. प्रत्येक पाणी नवं, प्रत्येक पाणी रंजनाच्या नाकाला लावून, तिचा चेहरा बघून. मग टाकी बोटभर कमी भरली, मालकांनी धरली, ह्या वेळी लांबून आणि डावा कान मागं करून. रेघ सुरेख आली. संध्याकाळी दोघं गाडीवर बसून गेली. कारखान्यावरून रंजनाचा एकदा फोन आला, म्हणाली, "आजी, टाकी गळत न्हाई, पर हा माझ्याकडं सारखा बघतोय, मी कशात कशात बादली वाचवली म्हनून."

आमच्याकडेही तेच चालू आहे. टाकी आली की मालक माझ्या बादल्या मोजतात, मोठ्यानं. मी त्यांचा खिळा तपासते. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आमच्यात इतका अविश्वास कधी नव्हता, आणि कामाला इतकी मजाही.

मागच्या पाडव्याला मालक पाटावर बसले. मी डोक्याला तेल चोळत सवयीनं उजव्या कानाशी गेले. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून गप्प राहिले.

मालक खाकरले. म्हणाले, "बोल की. त्या कानाला सवय लागलीया."